रतनबाईच्या घड्याळातले पाच चेहरे

घरात आजारी माणूस असलं की एक गंमत तुम्हीही पाहिली असेल. पाहुणा येतो, खाटेवरच्या माणसाकडे बघून विचारतो, "कसं वाटतंय आता?" आणि उत्तर देतात बाकीचे सगळे. मुलगा म्हणतो, झकास आहे. सून म्हणते, काल दोन भाकरी खाल्ल्या. शेजारी म्हणतो, तोंडावर तेज आलंय बघा. आणि ज्याला विचारलं तो बिचारा पाहुण्याला चहा मिळाला की नाही, एवढंच बघत असतो.

रतनबाईच्या घरात हे दोन वर्षं चाललं होतं.

अंबाजोगाईपासून पंधरा-सोळा किलोमीटरवर, डोंगराच्या उतारावर तिचं घर. वय चौपन्न. सारा जन्म शेळ्यांच्या मागे गेलेला. दोन वर्षांपूर्वी डाव्या स्तनात गाठ निघाली. ऑपरेशन झालं, केमो झाली, रेडिएशनचा शेक झाला. केस गेले, पुन्हा आले, आणि या वेळी कुरळे आले. शेवटी डॉक्टर म्हणाले, आता आजार नाही. फक्त तपासणीला येत राहा आणि रोज चाला. त्या दिवशी तिचा नवरा सुग्रीव दवाखान्याच्या पायरीवर बसून लहान पोरासारखा रडला होता. मुलगा सोमेश्वर फाट्यावर विहिरीवरच्या जळालेल्या मोटारी रिवाइंडिंग करायचं, म्हणजे त्यांची तार नव्याने गुंडाळायचं, दुकान चालवतो. त्याने दुकानात आलेल्या प्रत्येकाला पेढे वाटले. सून बबिताने महिनाभर सासूला चुलीपुढे बसू दिलं नाही. माया होती हो, उतू जाणारी माया होती! त्या मायेला एकच खोड होती, ती फार बोलायची.

अंबाजोगाईच्या एका दवाखान्यात कॅन्सरमधून उठलेल्या माणसांसाठी एक उपक्रम सुरू झाला. प्रत्येकाच्या मनगटावर एक घड्याळ बांधायचं. रतनबाईची डावी बाजू ऑपरेशनची, म्हणून तिला ते उजव्या हातावर बांधलं. हे घड्याळ पावलं मोजतं, नाडी मोजतं, आणि माणूस चालत असताना मध्येच थरथरून विचारतं, 'आत्ता कसं वाटतंय?' खाली पाच चेहरे. एक रडका, एक उतरलेला, एक मधला, एक बरा आणि एक खदखदा हसणारा. वाटेल त्यावर बोट ठेवायचं, की झालं. व्यायाम करताना या माणसांच्या मनात काय चालतं, कुठे भीती वाटते, कुठे उमेद येते, हे कळावं म्हणून ही सोय. ज्यांना घड्याळ वापरायला अवघड जातं, त्यांच्या घरच्या मोबाईलवरही तोच प्रश्न यायचा, म्हणजे घरच्यांनी विचारून उत्तर भरावं.

सोमेश्वरने पहिल्याच दिवशी फर्मान काढलं. "माय, तू त्याला हात लावू नको. बिघडलं तर दवाखान्याची वस्तू हाय. मी बघतो सगळं."

आणि त्याने खरंच सगळं बघितलं. सकाळी सहाला रतनबाई नव्या पांढऱ्या बुटांत पाय घालून डांबरी रस्त्याने चालायला निघे. रस्ता सोमेश्वरनेच ठरवलेला, कारण तो सपाट होता. चालताना तीनदा प्रश्न येई. इकडे सोमेश्वर अंगणात दात घासत असला तरी मोबाईल उचलून हसऱ्या चेहऱ्यावर बोट ठेवी. तिन्ही वेळा हसरा, रोज हसरा. संध्याकाळी तो आईला म्हणे, "माय, आजबी पैकीच्या पैकी!"

कारण त्याच्या लेखी ही परीक्षा होती. आणि पोटातली खरी गोष्ट त्याने बबितालाच एकदा सांगितली होती. "रडकं तोंड दाबलं आन् त्यांनी परत सुया लावायला बोलावलं तर? मला न्हाई बघवायचं ते." आता अशा पोराला कोणत्या तोंडाने रागवायचं, सांगा!

रतनबाईला यातलं काही ठाऊक नव्हतं असं नाही. पण तिची स्वतःचीही एक खोड होती. काहीही विचारा, ती म्हणायची, "बरं हाय." केमोच्या दिवसांत उलट्या करून पडलेली असतानासुद्धा "बरं हाय." आणि चार दिवसांपूर्वी सुग्रीवने जेव्हा सांगितलं, "तुला आता इसावा पायजे. माझ्यानंबी शेळ्यांमागं पळवत न्हाई. अठराच्या अठरा त्या सटवा यापाऱ्याला देऊन टाकू. येत्या बाजाराच्या दिवशी यील तो घ्यायला," तेव्हाही ती म्हणाली, "बरं." एवढं बोलून ती गोठ्याकडे गेली आणि बराच वेळ आली नाही. घरच्यांना वाटलं, गव्हाण झाडत असेल.

बाजाराला तीन दिवस उरले असताना दवाखान्यातून आफ्रीन आली. ही अंबाजोगाईतल्या फळवाल्या नबीभाईंची मुलगी. व्यायामाने उपचार करण्याचं शिक्षण घेतलेली, आणि या उपक्रमातल्या चोवीस माणसांची देखरेख तिच्याकडे. सकाळी सातला तिची स्कूटी अंगणात थांबली, तेव्हा रतनबाई नुकतीच चालून आली होती आणि ओट्याला टेकून बसली होती.

"काय मावशी, कशा आहात?"

"एकदम टकाटक!" सोमेश्वर आतून ओरडला.

"लई बरी हाय," सुग्रीव म्हणाला.

"जेवण जातंय आता चांगलं," बबिताने चहाचं आधण ठेवता ठेवता भर घातली.

आफ्रीन हसली. "मी मावशींना विचारलं."

"बरं हाय," रतनबाई म्हणाली. "बस की. दम लागला आसंल तुला गाडीवर."

आता दम कुणाला लागला होता हे दिसतच होतं. आफ्रीनने पिशवीतून एक कागद काढून सोमेश्वरपुढे धरला. त्यावर दोन रेघा होत्या, एक नाडीची आणि एक पावलांची. "सोमूभाऊ, हे परवाचं. सहा वाजून बारा मिनिटांनी मावशींची नाडी एकशे अडतीस. पावलं थांबलेली, म्हणजे त्या रस्त्यात उभ्या राहिल्या होत्या. आणि बरोबर त्याच मिनिटाला त्यांनी हसरा चेहरा दाबलाय. प्रश्न आल्यापासून चार सेकंदांत! हे बघा कालचं, तसंच. एकवीस दिवस, त्रेसष्ट वेळा हसरा. माझ्याकडे चोवीस माणसं आहेत. एकही जण सलग दोन दिवस हसलेला नाही. तुमचीच आई तेवढी कशी काय?"

सोमेश्वर कागदाकडे बघत राहिला. रिवाइंडिंग करणारा माणूस तो, मीटरचा काटा एक सांगतो आणि मोटार दुसरंच करते म्हणजे कुठेतरी वायर चुकलीय, एवढं त्याला कळत होतं.

"मीच दाबतो," तो हळूच म्हणाला. "तिला कावून तरास द्यायचा?"

"आणि त्या हसऱ्या चेहऱ्यावर विश्वास ठेवून आम्ही दर आठवड्याला चालणं वाढवत गेलो. पंधरा मिनिटांची चाळीस झाली," आफ्रीन म्हणाली. "माझंही चुकलंच. मी पहिल्या आठवड्यातच यायला हवं होतं." मग तिची नजर रतनबाईच्या डाव्या हातावर गेली. बांगडी कातडीत रुतली होती. "मावशी, हात सुजलाय?"

"थोडा. बरं हाय."

उपदेश करायला आफ्रीनकडे भरपूर शब्द होते, पण ती हुशार मुलगी. तिने घड्याळ रतनबाईच्या मनगटावरून सोडलं आणि सोमेश्वरच्या मनगटावर बांधलं. त्याचा मोबाईल घेऊन रतनबाईच्या हातात दिला.

"सोमूभाऊ, तुम्ही त्या डोंगरावरच्या खंडोबाच्या देवळापर्यंत चढून जायचं. थांबायचं नाही. मावशी इथे बसून तुमचं उत्तर दाबतील. एक दिवस अदलाबदल."

"ह्यात काय!" सोमेश्वर पँट वर ओढून निघाला. दिवसभर स्टुलावर बसून तांब्याची तार गुंडाळणारा माणूस, पोट जरासं पुढे आलेलं. चढणीचा पहिला टप्पा त्याने ऐटीत पार केला. दुसऱ्या टप्प्याला कमरेवर हात गेला. बाभळीपाशी तो वाकून उभाच राहिला. आणि तेवढ्यात रतनबाईच्या हातातला मोबाईल थरथरला.

पाच चेहरे पडद्यावर आले. बबिता वाकून म्हणाली, "आत्या, हसरं दाबा. तेनी दाबत्यात तसं."

रतनबाईने मान हलवली. तिला अक्षर येत नव्हतं, पण चेहरे तर कुणालाही वाचता येतात. तिने बोट उचललं, थांबली, आणि उठून अंगणाच्या कडेला गेली. अठरा शेळ्यांना डोंगराच्या पल्याडून परत बोलावणारा तो आवाज दोन वर्षांत घरात कुणी ऐकला नव्हता.

"सोमाऽऽ! आरं कसं वाटतंय तुला? काय दाबूऽऽ?"

उतारावर सोमेश्वर वळून आईकडे बघत राहिला. काय दाबू! एवढा साधा प्रश्न! त्याच्याकडे एकवीस दिवस मोबाईल होता, त्रेसष्ट वेळा तो थरथरला होता, आणि त्याने एकदाही आईला असं विचारलं नव्हतं. तिच्या हातात मोबाईल आला आणि पहिल्याच खेपेला ती विचारून मोकळी झाली!

तो बाभळीखालच्या दगडावर मटकन बसला. मग उतरून आला, आईच्या पायापाशी ओट्याच्या खाली बसला. डोळे पुसायलाही त्याने हात उचलला नाही.

"माय, मी तुला कदीच इचारलं न्हाई गं."

"येडा का काय तू?" रतनबाईने त्याच्या डोक्यावरून हात फिरवला. "कामात आसतोस."

"आता विचारा," आफ्रीन म्हणाली. "आणि विचारल्यावर कुणीही बोलायचं नाही. मामा, तुम्हीसुद्धा नाही."

सोमेश्वरने विचारलं, "माय, कसं वाटतंय?"

"बरं हाय."

कुणी बोललं नाही. चहा उकळून वर आला, बबिताने पदराने पातेलं उतरवलं आणि तीही गप्प राहिली. सुग्रीवच्या ओठांवर तीनदा काहीतरी आलं आणि तीनदा त्याने ते गिळलं. गोठ्यात एक करडू ओरडत होतं. रतनबाईने एकेकाच्या तोंडाकडे पाहिलं. माणसं खरंच ऐकायला बसलीत, हे तिला पटायला थोडा वेळ लागला.

"हात जड पडतोय," ती म्हणाली. "सांजच्याला तर दगुड बांधल्यावानी. आन् त्या डांबरी रस्त्यानं चालाया लाज वाटती. बायका हंडा घिऊन हुभ्या ऱ्हात्यात, बूट बघत्यात, मंग इकडं बघत्यात." तिने पदर छातीवर ओढला. "कुनी म्हनतं, ती बघ, कॅन्सरवाली चालली. पाय उचलत न्हाई मंग. आन् धाप लागली की भ्या वाटतं, परत आलं का काय ते. काळजात धडधड धडधड. रस्त्यातच हुभी ऱ्हाती मी. कुनाला सांगू?"

"मला सांगायचं की," सुग्रीवच्याने राहवेना.

"तुमी दोन वरसं माझ्यापायी दवाखान्याच्या व्हरांड्यात झोपलात. पोरानं दुकान बंद ठेवलं. बबितानं माझं समदं काढलं. तुमा समद्यांला हसताना बघून मी कशी म्हनू, मला बरं न्हाई म्हनून?"

बबिताचा हुंदका फुटला. पण रतनबाईचं अजून संपलं नव्हतं. दोन वर्षांचं तुंबलेलं एकदम कसं संपेल?

"आन् शेळ्या! शेळ्या द्यायच्या ठरवल्या, मला इचारलं का? कदीमदी त्यांच्या मागं जाती तवा मला धाप लागत न्हाई, त्यांच्या सोबतीनं चालती मी. त्या थांबल्या की मी थांबती. तितं कुनी माझ्याकडं बघत न्हाई. ती काबरी शेळी तर माझा हात चाटती, तिला काय ठावं ऑपरेशन कंच्या बाजूचं! तुमाला वाटलं इसावा. मला वाटलं, आता माझं कायबी उरलं न्हाई."

"आगं, तू बरं म्हनली व्हतीस!" सुग्रीव कळवळून म्हणाला.

"मी बरं कवा म्हनत न्हाई?"

सुग्रीवने डोक्यावरची टोपी काढून गुडघ्यावर ठेवली. तीस वर्षांच्या संसारात त्याने त्या 'बरं'ला होकार समजून किती गोष्टी उरकल्या असतील, त्याचा हिशोब तो मनात लावत असावा.

आफ्रीनने रतनबाईचा सुजलेला हात स्वतःच्या मांडीवर घेतला आणि हलकेच वर उचलून धरला. "मामा, हे घड्याळ नाडी मोजतं, पावलं मोजतं. पण भीती किती वाटली, लाज किती वाटली, ते त्यालाही मोजता येत नाही. म्हणून तर बनवणाऱ्यांनी त्यात प्रश्न टाकला. अहो, रबरी पट्ट्याचं यंत्र! त्यालासुद्धा कळतं की माणसाच्या मनातलं माणसालाच विचारावं लागतं. आणि आपण रक्तामांसाची माणसं विचारतच नाही! आजार शरीरातून गेला म्हणून मनातून जात नाही. त्याला वेळ लागतो. त्या वेळात मावशींना खोटं हसायला लावू नका. रडका चेहरा दाबला तर कुणी सुया लावत नाही. आम्ही चालणं कमी करतो, हात तपासतो, एखादा फोन करतो. खरं कळलं तरच ना! आणि सोमूभाऊ, माझ्या अब्बांनाही हीच सवय. अम्मीला दम लागतो, डॉक्टरपुढे सांगतात, काही नाही हो, वय झालंय. आपल्याकडे घरोघरी हेच आहे."

"मंग खरंच बोलायचं म्हनता?" सुग्रीव खाकरला. "मंग माझंबी गुडघं लई दुखत्यात. आठ म्हैने झालं. सांगितलं न्हाई कुनाला."

एवढ्या रडारडीतही सगळ्यांना हसू फुटलं. रतनबाई तर पदर तोंडाला लावून हसली. "आता समद्यांचं निघंल बघ एकेक," ती म्हणाली.

त्याच दिवशी सोमेश्वर तिला तपासायला घेऊन गेला. सूज ऑपरेशननंतर बऱ्याच जणींना येते तशीच होती, वेळेवर लक्षात आली. डॉक्टरांनी हातावर चढवायची घट्ट बाही दिली, आफ्रीनने मालिश शिकवली, ती बबिताने शिकून घेतली. चालणं पुन्हा पंधरा मिनिटांवर आलं. व्यायाम कुठे करायचा हे या वेळी रतनबाईला विचारलं गेलं. तिने शेळ्यांच्या मागे म्हटल्यावर आफ्रीनने अटी घातल्या. माळाच्या सपाट कडेनेच जायचं, डाव्या हाताने ओझं उचलायचं नाही, झाडाचा पाला तोडायचा नाही, तो सुग्रीव तोडेल. पांढरे बूट मात्र तिने ठेवले. माळावर काटे फार, आणि बूट तसे मऊ होते, हे तिने कबूल केलं.

बाजाराच्या दिवशी सटवा टेम्पो घेऊन दारात आला, तेव्हा सुग्रीवने त्याला चहा पाजला आणि सांगितलं, "न्हाई द्यायच्या शेळ्या. मालकिणीला इचारलं न्हवतं, माझी चूक झाली." सटवा आधी चिडला, मग टेम्पोकडे जाता जाता थबकला. "बाईला इचारून यवहार करत्यात व्हय बे तुमच्यात?" असं तो म्हणाला खरा, पण चेहरा जरा विचारात पडलेला होता.

आता घड्याळाचं उत्तर रतनबाईच देते. मोबाईलवर सोमेश्वरला ते फक्त दिसतं. कधी मधला चेहरा येतो, कधी बरा. हसरा आठवड्यातून एखादाच, पण तो आला की सोमेश्वर दुकानातल्या गिऱ्हाइकाला मोबाईल दाखवतो.

दीड महिन्याने एका सकाळी रडका चेहरा आला. पहिल्यांदाच. सोमेश्वरने उघडी मोटार तशीच टाकली, मोटारसायकलला किक मारली आणि थेट माळ गाठला. शेळ्या चरत होत्या. रतनबाई लिंबाखाली बसली होती आणि डोळ्यांतून पाणी वाहत होतं.

"माय! काय झालं? हात दुखतोय? धाप लागली?"

"न्हाई रं." तिने नाक पुसलं. "बायनाबाईची आठवन आली. केमोला माझ्या शेजारच्या खाटंवर आसायची. म्हनायची, दोगी बऱ्या झालो की तुझ्या शेळ्या बघाया यीन. मी उठले. ती गेली. चालता चालता आज लई आठवन आली, मंग ते रडकं तोंड दाबलं. खोटं कावून दाबू?"

'रडू नको' हे शब्द सोमेश्वरच्या जिभेच्या टोकावर आले होते. 'तू आता ठणठणीत हायस,' हेही तयार होतं. त्याने दोन्ही आवरलं. आईच्या शेजारी मातीत बसला आणि म्हणाला, "कशी व्हती बायनाबाई? सांग की."

आणि रतनबाई सांगू लागली. बायनाबाईची बोली, तिचं हसणं, रात्री नर्सची नक्कल करून वॉर्डभर हशा पिकवणं. दोन वर्षांत हे नाव घरात एकदाही निघालं नव्हतं, कारण कुणी विचारलंच नव्हतं. सोमेश्वर ऐकत राहिला. दुकान उघडं होतं, गिऱ्हाईक खोळंबलं असेल, ते खोळंबू दे.

मंडळी, तुमच्या-माझ्या घरातही असं एखादं माणूस आहे, जे मोठ्या आजारातून उठलंय, औषधं संपलीत, तपासण्या चांगल्या आल्यात, आणि आपण समजून बसलोय की आता सगळं ठीक झालं. त्याच्या वतीने आपणच हसरा चेहरा दाबून मोकळे होतो. त्यात लबाडी नसते, प्रेमच असतं, पण त्या प्रेमापायी त्या माणसाचा आवाज बंद होतो. आज घरी गेलात की त्याच्याजवळ बसा आणि विचारा, "खरंच कसं वाटतंय?" तो म्हणेल, "बरं आहे." उठू नका. तिथेच बसून राहा.